अठराव्या वाढदिवसाच्या आधीची चार वर्षं

राज्यभरातून आलेले अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, गृहमाता, काळजीवाहक आणि बालगृहांत वाढून आज आपापल्या कामाला लागलेल्या, समोर बसलेल्या मुलामुलींनो,

बालगृहातल्या किशोरवयीन मुलांचं करिअर आणि स्वावलंबन हा आजचा विषय. त्यातल्या एकाच गोष्टीवर मी बोलणार आहे.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ प्रमाणे अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य देता येतं. २०१६ च्या आदर्श नियमांनी ही सोय एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत नेली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये आहेत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिलं. हे सगळं झगडून मिळालेलं आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण यातली बहुतेक मदत मुलाच्या हाती पडते ती अठरानंतर. चौदा ते अठरा या वर्षांत आपण त्याला काय देतो?

निवारा देतो, जेवण देतो, शाळा देतो. निर्णय मात्र देत नाही. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. साबण, वही, चप्पल भांडारातून. दवाखान्यात नेणार काळजीवाहक, अर्ज भरणार लिपिक. बालगृहातून बाहेर पडलेली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, मला पन्नास जणींची कणीक मळता येते, पण एकटीपुरती भाजी करता येत नाही. रोज उरते नाहीतर कमी पडते." तिने पहिला पगार खोलीतल्या मैत्रिणींवर चार दिवसांत खर्चून टाकला. घरमालकीण भाडं मागायला आली तेव्हा ती गांगरली. तिला कुणी उधळी म्हणू नये. आलेलं सगळ्यांत वाटायचं हे तिला आपणच शिकवलं आणि तो संस्कार चांगलाच आहे. महिनाअखेरीपर्यंत पैसे पुरवायचे असतात, हे शिकायची वेळ मात्र आपण तिच्यावर कधी येऊ दिली नाही.

घरातलं मूल अशा चुका आईवडिलांच्या छपराखाली करतं. किराण्याचे सुटे पैसे हरवतं, चुकीच्या बसमध्ये बसतं, बोलणी खातं आणि रात्री जेवून झोपतं. आपल्या मुलांच्या पहिल्या चुका अठरानंतर होतात, तेव्हा मागे कुणी नसतं. म्हणून माझं सांगणं एवढंच की या चुका त्यांना आपल्याकडे असतानाच करू द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवता येतं. मग चौदाव्या वर्षी त्याच्या नावाचं पासबुक अधीक्षकांच्या कपाटात का असावं? आठवड्यातून एक दिवस बाजार मुलांनी करावा आणि हिशेबही त्यांनीच लिहावा. मुलगा एकटा एसटीने तालुक्याला जाऊन यावा. मला सुरक्षिततेची तुमची भीती कळते. काही बिघडलं तर नोटीस अधीक्षकांना येते, ही आपल्या व्यवस्थेतली मोठी अडचण आहे. महिला व बालविकास विभागाने याबाबत लेखी संरक्षण द्यावं, ही माझी जाहीर मागणी आहे.

आता करिअर. मुलगी असेल तर शिवणकाम किंवा ब्युटी पार्लर, मुलगा असेल तर वायरमन, एवढ्यावर आपली यादी संपते. ही कामं कमी प्रतीची नाहीत, पण ज्याने दुसरं काही पाहिलंच नाही त्याने केलेल्या निवडीला निवड कसं म्हणावं? वैयक्तिक काळजी आराखडा कायद्यानेच सांगितला आहे. तो कित्येकदा मुलाला न विचारता भरला जातो, हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दहावीच्या आधी मुलाने प्रयोगशाळा, छापखाना, रोपवाटिका, तलाठी कार्यालय पाहिलेलं असावं आणि तिथल्या माणसांशी बोललेलं असावं. पण नुसतं पाहून भागत नाही, पाठीशी कुणीतरी लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी दिव्यांग अनाथ मुलांना अठरानंतरही आसरा मिळावा म्हणून आयुष्य वेचलं. त्यांच्या मानसकन्येने, दृष्टिहीन माला पापळकरने, लोकसेवा आयोगाची परीक्षा पार केली. तिच्यामागे बाबा होते. प्रत्येक मुलामागे असं एक माणूस हवं, अठरानंतरही ज्याला रात्री फोन लावता येईल. ते माणूस सोळाव्या वर्षीच ठरवा, म्हणजे ओळख मुरायला दोन वर्षं मिळतील.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आधार, अनाथ प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, शाळेचा दाखला या सगळ्यांवर नाव आणि जन्मतारीख एकच असावी. हे सतराव्या वर्षी पुरं झालं नाही तर आरक्षण कागदावरच राहतं.

दुपारच्या सत्रात ठराव येतील. त्यांच्या मसुदा समितीत समोरच्या मुलामुलींपैकी निदान दोघांना घ्यावं, असा अध्यक्ष म्हणून माझा आग्रह आहे. माझ्या वेळेतली उरलेली मिनिटंही मी त्यांनाच देते. तुमच्यापैकी ज्याला बोलायचं असेल त्याने ध्वनिक्षेपकाजवळ यावं.