भरड धान्यें व घरांतील ताट

छत्रपति संभाजीनगरांत थंडी पडूं लागली, म्हणजे रविवारीं सकाळीं कुटुंबेंच्या कुटुंबें शहराबाहेरच्या शेतांवर हुरडा खाण्यास जातात. ज्वारीचीं कोंवळीं कणसें गोवऱ्यांच्या आरांत भाजून, तळहातावर चोळून, चटणीबरोबर खाल्लेला तो हुरडा लहानथोरांस सारखाच गोड लागतो. सायंकाळीं मात्र घरोघरीं गव्हाची पोळी व भातच शिजतो. ज्वारीचें पीठ डब्यांत असेलच असें नाहीं. ज्या धान्याचें कौतुक आतां वर्षांतून एकदां सहलीच्या निमित्तानें होतें, तें एके काळीं या मुलखाचें रोजचें अन्न होतें.

हा बदल कसा झाला? रेशनच्या दुकानांतून गहूं व तांदूळ स्वस्त मिळूं लागले. पोळी करण्यास सोपी, डब्यांत मऊ राहणारी. त्यांत १९७२ सालच्या दुष्काळांत परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनीं नाइलाजानें खाल्ली, आणि भाकरी म्हणजे हलाखी अशी समजूत अनेकांच्या मनांत बसली. "भरड धान्य" या शब्दांतहि कमीपणाच आहे. तो पुसावा म्हणून भारत सरकारनें २०१८ सालीं या धान्यांना "पौष्टिक तृणधान्यें" हें नांव दिलें, व भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें साल त्यांचें वर्ष म्हणून पाळलें. परंतु नांव बदललें म्हणून ताट बदलतें असें नाहीं. त्यासाठीं कोणत्या धान्यांत काय आहे हें गृहिणीला नेमकें कळलें पाहिजे.

ज्वारी ही मराठवाड्याची मुख्य भाकरी. तिच्या शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारें दहा ग्रॅम प्रथिनें व जवळजवळ तितकाच चोथा असतो. लोहाच्या बाबतींत ती गव्हाहून फारशी सरस नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मात्र गव्हांतील चिकट द्रव्य तिच्यांत नसल्यामुळें ज्यांना तें सोसत नाहीं त्यांना ती उपकारक ठरते. नाचणीचा गुण वेगळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३६४ मिलिग्रॅम चुना असतो, तर गव्हांत केवळ ३९. वाढत्या वयाच्या मुलांना व म्हाताऱ्या माणसांना नाचणीचें सत्त्व देण्याची जुनी रीत किती सार्थ होती, हें यावरून दिसतें. राळा, वरी, सावा, कोदरा हीं बारीक धान्यें बाजारांतून मागें पडलीं. तथापि एकादशीची भगर याच गोत्रांतली आहे. म्हणजे भरड धान्य घरांत शिजत नाहीं असें म्हणणाऱ्यांच्या घरींहि उपवासाच्या दिवशीं तें शिजतेंच.

राहिली बाजरी. तिचा विशेष म्हणजे लोह. पॉलिश केलेल्या तांदुळाच्या शंभर ग्रॅमांत एक मिलिग्रॅमहि लोह नसतें. बाजरींत तें चार ते सहा मिलिग्रॅम असतें. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणी पंडुरोगी होत्या. थोडें काम करतांच दम लागणें, अभ्यासांत लक्ष न लागणें, बाळंतपणांत धोका वाढणें, हीं त्याचीं फळें होत. आणि लोहाची उणीव हें त्याचें एक प्रमुख कारण.

या बाबतींत एक महत्त्वाचें कार्य छत्रपति संभाजीनगराच्या वेशीवरच झालें आहे. पैठण रस्त्यावर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र आहे. तेथें, हैदराबादनजीक पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्यानें, लोहयुक्त बाजरीचे दोन संकरित वाण तयार झाले. "एएचबी १२०० एफई" व "एएचबी १२६९ एफई" हीं त्यांचीं नांवें. त्यांतील पहिलें अक्षर औरंगाबाद या शहराच्या जुन्या नांवाचें, व शेवटचीं दोन लोहाच्या रासायनिक संज्ञेचीं. प्रचलित वाणांच्या एक किलो दाण्यांत ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असतें. पहिल्या नव्या वाणांत तें ७३, तर दुसऱ्यांत ९१ मिलिग्रॅम भरलें.

अशा बाजरीचा गुण महाराष्ट्रांतच पडताळून पाहिला गेला. राहुरीच्या कृषि विद्यापीठाकडून २०१२ सालीं "धनशक्ति" नांवाचा लोहयुक्त वाण प्रसारित झाला होता. वसतिगृहांत राहणाऱ्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींपैकीं कांहींना या बाजरीची व कांहींना साध्या बाजरीची भाकरी देण्यांत आली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, कीं ज्यांच्या शरीरांत लोहाची उणीव होती, त्यांची ती सहा महिन्यांत भरून निघण्याचें प्रमाण लोहयुक्त बाजरीनें दीडपटीहून अधिक झालें. औषध नव्हे, गोळी नव्हे, रोजची भाकरीच.

तथापि कोणतेंहि एक धान्य म्हणजे अमृत नव्हे. केवळ ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या गरीब लोकांत "पेलाग्रा" हा त्वचेचा व बुद्धीचा विकार होतो, याची मीमांसा हैदराबादचे डॉ. गोपालन यांनीं १९६० च्या सुमारास केली. भाकरीबरोबर वरण, उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक हवेंच, हा त्याचा बोध. बाजरींतील कांहीं द्रव्यें लोह अंगीं लागूं देत नाहींत. धान्य भिजवल्यानें, मोड आणल्यानें किंवा आंबवल्यानें तीं कमी होतात. पूर्वींची आंबील हें त्याचेंच उदाहरण. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा आंवळा घ्यावा, व जेवणावर लगेच चहा पिऊं नये. मधुमेह्यानेंहि भाकरी मोजूनच खावी, कारण तींतहि पिष्ट आहेच. बाजरींत स्निग्धांश अधिक असल्यामुळें तिचें पीठ लवकर कडवट होतें. म्हणून आठवड्यापुरतेंच दळावें. भगर निवडून, धुऊन वापरावी, व ओल लागलेलें तिचें पीठ टाकून द्यावें. बुरशीमुळें विषबाधा झाल्याचे प्रकार मराठवाड्यांत घडले आहेत.

रोजची पोळी सोडण्याचें कारण नाहीं. आठवड्यांतून तीन दिवस भाकरी, त्यांतही थंडींत बाजरीची, एवढा पालट कोणत्याहि घरास झेपण्यासारखा आहे. भोगीच्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी व मिसळीची भाजी सर्वजण आवडीनें खातात. ती आवड त्या एका दिवसापुरती राहूं नये. शिवाय दुकानांत बाजरी घेतांना ती कोणत्या वाणाची, हा प्रश्न गिऱ्हाइकानें अवश्य विचारावा. शहर विचारूं लागलें, तर व्यापारी विचारील. व्यापारी विचारूं लागला, तर शेतकरी तोच वाण पेरील. पैठण रस्त्यावरील शास्त्रज्ञांचें काम बियाण्यापाशीं संपलें. तें ताटापर्यंत पोंचविण्याचें काम गृहिणीच्या हातीं आहे.