दारू आणि तोंडाचा कर्करोग
(पाबळ येथील सभेंत केलेलें भाषण)



आज येथें नांगर धरणारे आहेत, रंधा मारणारे आहेत, ऐरणीवर घण घालणारे आहेत आणि या सर्वांच्या संसाराचा गाडा ओढणाऱ्या माताभगिनी आहेत. दारूनें घर कसें बुडतें हें तुम्हांस आम्हीं सांगावयास नको. दारूपायीं गहाण पडलेलें रान आणि मोडलेलें डोरलें तुम्हीं कोठें ना कोठें पाहिलेलेंच आहे. आज आम्ही दुसऱ्याच एका गोष्टीविषयीं बोलणार आहों. दारूनें तोंडाचा कर्करोग होतो, ही ती गोष्ट.

हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तोंडाचा रोग तंबाखूनें होतो, दारूनें फार तर लिव्हर खराब होतें, असा समज गांवोगांव आहे. तंबाखूची पुडी टाकली आणि संध्याकाळची बाटली चालू ठेवली, तरी आपण सुटलों असें मानणारे लोक आम्हांस भेटतात. हा समज अर्धा खरा आणि अर्धा घातक आहे. तंबाखू दोषी आहे यांत शंका नाहीं. पण तिच्या आड लपून दारू निर्दोष सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८८ सालींच दारूस कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें. त्याच वर्गांत तंबाखूही आहे. म्हणजे दोघी एकाच आरोपाच्या गुन्हेगार आहेत.

आतां हें घडतें कसें तें पाहूं. दारू तोंडांत गेली कीं तोंडांतील जंतू आणि आपलें शरीर तिच्यापासून एक विष तयार करितात. ॲसिटाल्डिहाइड असें त्याचें नांव आहे. तोंड अस्वच्छ असेल तर तें अधिकच तयार होतें. हें विष तोंडाच्या कातडीतील पेशींच्या बीजावर घाव घालतें. बीज बिघडलें म्हणजे त्या पेशी धरबंद सोडून वाढतात. पिकांत हरळी माजावी तशा. हरळी वरून कापली तरी खालीं मुळ्या पसरतच जातात, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं.

दुसरें असें कीं, गालाच्या आंतली कातडी ही सारवलेल्या जमिनीसारखी असते. जमिनीवर रोज पाणी सांडलें तर सारवण सुटतें आणि वाळवीस वाट मिळते. तसेंच दारू ती कातडी सैल पाडते आणि तंबाखूंतलें विष आंत मुरतें. म्हणून दारू आणि तंबाखू यांची बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो. एका हातांत ग्लास आणि गालांत तंबाखूची चिमूट, ही आमच्याकडील संध्याकाळची बैठक म्हणजे या गुणाकाराचीच शाळा होय.

ही केवळ आमची कल्पना नाहीं. मुंबईस परळ येथें १९४१ सालापासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. आपल्या भागांतील कित्येक घरें तेथल्या रांगेंत उभीं राहून आलेलीं आहेत. त्या रुग्णालयाच्या नवी मुंबईंतील संशोधन केंद्राच्या मंडळींनीं देशांतील पांच ठिकाणीं, २०१० ते २०२१ या काळांत, गालाच्या आंतील कर्करोग झालेले १,८०३ पुरुष आणि तो रोग नसलेले १,९०३ पुरुष यांची चौकशी केली. कोण काय पितो, किती पितो, तंबाखू किती खातो, असा सर्व हिशेब त्यांनीं मांडला आणि तो २०२५ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाला.

त्यांतून असें निघालें कीं, न पिणाऱ्या शंभर जणांस जेथें हा रोग व्हावा, तेथें तितक्याच पिणाऱ्यांत तो सुमारें १६८ जणांस होतो. गांवठी व देशी दारू पिणाऱ्यांत हा आंकडा सुमारें १८७ आहे. तंबाखूचा हिशेब वेगळा काढल्यावरही दारूचा दोष शिल्लक राहतोच. दिवसाला नऊ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे अवघा एक पेला, एवढ्यानेंही धोका सुमारें दीडपट होतो. "आम्ही साधी बिअर घेतों" म्हणणारेही त्यांतून सुटले नाहींत. आणि दारूबरोबर तंबाखू खाणारा असेल तर धोका चौपटीहून अधिक. देशांतील अशा शंभर रोग्यांपैकीं सुमारें ६२ रोगी या जोडगोळीचे बळी आहेत, असा त्यांचा अंदाज आहे.

आंकडे विसरले जातात, माणूस विसरत नाहीं. आमच्या ओळखीचा एक सुतार होता. हात असा कीं, त्यानें केलेल्या बैलगाडीच्या चाकास दुसऱ्यानें बोट लावूं नये. दिवसभर रंधा आणि संध्याकाळीं एक क्वार्टर. गालांत फोड आली. दांत लागला असेल म्हणून त्यानें हळद लावली. महिना गेला, लवंगेचें तेल लावलें. मग भगताकडून उतारा झाला. सहा महिन्यांनीं तोंड उघडेना, तेव्हां दवाखाना आठवला. डॉक्टरांनीं अर्धा जबडा काढला. पुढें तो पेज पीत असे आणि खुणेनें बोलत असे. शेवटीं बायकोनें हत्यारें विकलीं. दुखत नव्हतें म्हणून आलों नाहीं, असें त्यानें पाटीवर लिहून दाखविलें. बंधूंनो, हा रोग आरंभीं दुखत नाहीं, हीच त्याची लबाडी आहे.

आतां दोष कोणाचा? पहिला सरकारचा. इंग्रजांनीं १८७८ सालीं अबकारीचा कायदा करून दारूचें उत्पन्न आपल्या तिजोरीस जोडलें. १८८० सालीं पुण्यांत गुत्ते वाढूं लागले, तेव्हां म्युनिसिपालिटीचे सभासद असलेल्या जोतीरावांनीं त्याविरुद्ध म्युनिसिपालिटीस लेखी कळविलें. गोरे सरकार गेलें, तिजोरीची तहान राहिली. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकांत आहे. पिणाऱ्यास परवाना लागतो, आणि दुकानासही सरकारच परवाना देतें! तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचें चित्र छापावें लागतें. दारूच्या बाटलीवर २०१९ पासून "आरोग्यास अपायकारक" एवढेंच मोघम सांगणें आहे. कर्करोगाचें नांव तिच्यावर नाहीं. ज्यास वाचतां येतें त्यासही खरें सांगावयाचें नाहीं, हा कोणता न्याय?

दुसरा दोष आमचा. लग्नास भट नको म्हणून सभेंत टाळ्या घेणारा आमचा गडी, वरातीस बाटली नको म्हणावयास उभा राहतो काय? जत्रेंत बाटली, दहाव्यानंतर बाटली, आणि निवडणूक आली कीं उमेदवाराच्या पैशाची फुकट बाटली! भटाची दक्षिणा खिसा रिकामा करते; ही दक्षिणा जबडा घेऊन जाते. मात्र पिणाऱ्याची कुचेष्टा करूं नका. अंगमेहनतीचा शीण आणि कर्जाची काळजी आम्हांस ठाऊक आहे. त्यास हात द्या. पुष्कळ वर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं बंद केल्यास झटके येऊन जिवावर बेतूं शकतें. म्हणून त्यास डॉक्टरच्या सल्ल्यानें सोडवावी. पुण्यास डॉ. अनिता अवचट यांनीं १९८६ सालीं काढलेलें मुक्तांगण याच कामासाठीं आहे. आणि सोडून आतां काय उपयोग, असें कोणीं म्हणूं नये. दारू सोडल्यानें तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, असा निर्वाळा त्याच जागतिक संस्थेनें २०२३ सालीं दिला आहे.

आतां उपाय. ह्याच पाबळांत १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम काढला आणि हातानें करून शिकण्याची वाट दाखविली. त्याच रीतीनें आपलें तोंड आपण तपासावें. केरळांत साध्या आरोग्यसेवकांनीं घरोघर जाऊन लोकांचीं तोंडें डोळ्यांनीं तपासलीं. तेव्हां दारू वा तंबाखू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगानें होणारे मृत्यू सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले, असें २००५ सालीं सिद्ध झालें. त्यास ना मोठें यंत्र लागलें, ना मोठा पैसा.

आरशासमोर उजेडांत उभे राहा. गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, हिरड्या पाहा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गांठ, विनाकारण हलणारा दांत, मानेंत आलेली गांठ, यांपैकीं कांहीं दिसलें, किंवा तीन बोटें उभीं करून तोंडांत जात नसलीं, तर भगताकडे नव्हे, सरकारी दवाखान्यांत जा. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनींही हें करावें, कारण मिश्री म्हणजे तंबाखूच. खर्चाला भिऊं नका. महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवाच्या जनआरोग्य योजनेंत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन चौकशी करा.

भगिनींनो, एक हत्यार तुमच्या हातीं आहे. गांवांतील परवान्याचें दुकान बंद करण्यासाठीं स्त्री-मतदारांचें गुप्त मतदान मागतां येतें. एकूण स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडलीं कीं दुकान बंद. ध्यानांत ठेवा, त्या दिवशीं घरीं बसणारीचें मत उभ्या बाटलीच्याच पदरांत पडतें.

आमची मागणी एवढीच. उद्यां सकाळीं ऊन पडल्यावर प्रत्येक घरांत एकमेकांचीं तोंडें पाहा. ज्याच्या तोंडांत शंका वाटेल त्यास, तो नको म्हणाला तरी, सोबत घेऊन दवाखान्यांत जा. त्या सुतारास कोणी पहिल्या महिन्यांत घेऊन गेलें असतें, तर कदाचित् त्याचा रंधा आजही चालला असता. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.