हात बसलेली काठी



चैत्र जवळ आला की आमच्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच येतात, बोलणी होतात, सुपाऱ्या ठरतात. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव, त्यामुळे ढोलकीचा आवाज आमच्या कानांना लहानपणापासूनच ओळखीचा. एका दुपारी मी एका राहुटीत शिरलो आणि ढोलकीवाल्याला विचारलं, "जरा वाजवून बघू का?" त्यांनी कोपऱ्यातली दुसरी ढोलकी माझ्यापुढे सरकवली. जवळची मात्र कापडात गुंडाळत म्हणाले, "ही नको बाळा. हिच्यावर माझा हात बसलाय."

पुढे मी वाजवायला शिकलो नाही, बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा पूल खेळायला लागलो. पण त्या वाक्याचा अर्थ मला पूलच्या टेबलावरच कळला.

मंचरला हायवेलगतच्या एका हॉलमध्ये मी शिकलो. भिंतीला सात-आठ क्यू टेकवलेले असायचे. पोरं त्यांना स्टिक म्हणतात, मी काठीच म्हणतो. खेळायला आलं की आधी काठी टेबलावर आडवी ठेवून लोळवायची. टोक उड्या मारायला लागलं की समजायचं, काठी वाकलीय, दुसरी घ्या. चांगली काठी कोणीतरी आधीच उचललेली असायची. एकीचं टोकाचं चामडं झिजून सपाट झालेलं, दुसरीची मूठ चिकट. रोज वेगळी काठी, रोज वेगळा खेळ. बॉल पॉकेटच्या ओठावरून परत आला की मला कळायचं नाही, चुकलं कोण? मी की काठी?

स्वतःची काठी कशाला हवी, असं घरचे विचारतात. त्याचं कारण मी असं सांगतो. पांढरा बॉल बरोबर मध्यावर मारला तर तो सरळ जातो. त्याला फिरकी द्यायला उजव्या बाजूला मारलं, की तो सुटतानाच किंचित डावीकडे सरकतो. किती सरकेल, हे मुख्यतः काठीच्या टोकाकडच्या वीतभर भागाच्या वजनावर ठरतं. तो भाग जड तर सरकणं जास्त, हलका तर कमी. काठी आणि बॉल एकमेकांना लागून असतात सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग. तेवढ्या वेळात हाताला काही सुधारता येत नाही. हिशेब आधीच डोळ्यात तयार असावा लागतो, आणि डोळा तो हिशेब एका काठीवरच शिकतो. काठी बदलली की शिकलेलं सगळं दोन-चार सुताने चुकतं. टेबलाच्या त्या टोकाला पोचेपर्यंत दोन सुतांची चूक बोटभर होते.

हा खेळ आपल्याला परका वाटतो, पण तो तितका परका नाही. पूलच्याच घराण्यातल्या स्नूकरचा जन्म 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले आणि 1958 साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. पंकज अडवाणींचा जन्मही पुण्याचाच, 1985 सालचा. पुण्याहून आमच्याकडे यायला दोन तास लागतात. टेबल यायला मात्र कित्येक वर्षं लागली.

आता माझ्या काठीविषयी सांगतो.

माझं आजोळ जुन्या आंबेगावचं. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. धरणाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. तेही आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पाणी चढण्याआधी लोकांनी घरं उतरवली. कौलं, तुळया, दारं जमेल तशी बैलगाडीतून आणि ट्रकमधून नेली. आजोबांनी माजघराच्या दाराची शिसवी चौकट आणली होती. नव्या घरात तिला जागा निघाली नाही, म्हणून ती गोठ्याच्या माळ्यावर पडून राहिली. किती पावसाळे गेले, पण तिला वाक आला नाही की भेग पडली नाही.

पुण्यातल्या एका कारागिराला मी त्या चौकटीचा तुकडा नेऊन दाखवला. त्याने तो हातात तोलला, नखाने टिचकी मारून कानाशी धरला आणि म्हणाला, "याची मूठ होईल." पुढचा निमुळता भाग मात्र परदेशी मेपलचा लागतो. त्याच्या रेषा सरळ आणि घट्ट, मार बसला तरी तो चटकन शुद्धीवर येतो. मेपलचं लाकूड शिसवीत चार टोकदार पाचरींनी बसवलेलं आहे. या पाचरी पाहून आमच्या घोडेगावचे सुतारमामा फार वेळ बोटं फिरवत बसले होते. बैलगाडीचं जू आणि नांगर केलेला हात तो, त्याला सांध्याची किंमत बरोबर कळली.

काम आठ महिने चाललं. सुरुवातीला मी अधीर झालो होतो. मग कारागिराने समजावलं: लाकूड लेथवर एकदम बारीक केलं तर आतला ताण मोकळा होतो आणि काठी वाकते. म्हणून थोडं तासायचं, महिनाभर टांगून ठेवायचं, वाकली तर सरळ करून पुन्हा थोडं तासायचं. सुतारमामांना हे नवं नव्हतं. बाभळीचा ओंडका मुरल्याशिवाय ते हात लावत नाहीत.

अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का नावाचा एक कारागीर होऊन गेला. रशियात जन्मलेला हा माणूस लाकूडकाम करता करता 1959 च्या सुमारास क्यू बनवू लागला. 1975 साली तो गेला, पण त्याच्या काठ्यांना आज जुन्या सारंगीसारखा मान आहे. 1986 च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात त्याची म्हणून जी काठी दिसते, ती प्रत्यक्षात दुसऱ्याच कंपनीची आहे. खरी वस्तू चित्रीकरणात वापरायची कोणाची छाती होणार?

माझी काठी अठ्ठावन्न इंच लांब आणि सुमारे 540 ग्रॅम वजनाची आहे. मूठ माझ्या तळव्याला बेतलेली, कारण माझी बोटं आखूड आहेत. तिच्यावर नक्षी नाही. कारागिराने विचारलं होतं, मी नको म्हटलं. चौकटीवर जिथे कडीचा खिळा होता, तिथे एक बारीक काळा ठिपका राहिलाय. तो तसाच ठेवायला सांगितला.

सांभाळायचं म्हणाल तर पावसाळा हा तिचा वैरी. आमच्या नारायणगावच्या तालुक्याचा पश्चिम भाग, नाणेघाट-माळशेजकडचा, चार महिने धुक्यात भिजतो आणि पूर्वेला बेल्ह्याकडे ढग नुसते पुढे निघून जातात. भीमाशंकरच्या बाजूला काठी न्यायची असली तर मी डब्यात बंद करून नेतो आणि आल्यावर कोरड्या कापडाने पुसतो. उन्हाळ्यात ती गाडीच्या डिकीत ठेवत नाही, भिंतीला टेकवत नाही. सपाट ठेवतो किंवा सरळ टांगतो. ढोलकीवाला दमट हवेत ढोलकीची चामड्याची पानं शेकतो, तसलंच हे काम आहे. कंटाळा येत नाही, उलट पुसताना हात शांत होतो.

आता बॉल चुकला की मी काठीकडे पाहत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे. माझं अंगण मी स्वतः लोळवून पाहिलंय, ते सरळ आहे. त्यामुळे चूक शोधायला एकच जागा उरते: कोपर हललं का, मान लवकर वर आली का. माझा खेळ सुधारला तो या शोधाने.

गेल्या महिन्यात हॉलमध्ये बारावीतला एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ मुठीकडे पाहत होता. मग म्हणाला, "काका, एकच शॉट मारू?" मला ती राहुटी आठवली. मी त्याला आधी खडू दिला आणि मग काठी दिली. त्याने ती टेबलावर आडवी ठेवून सावकाश लोळवली. टोक हललं नाही. मग तो वाकला, आणि त्याचा अंगठा नेमका त्या काळ्या ठिपक्यावर येऊन टेकला.