मोहाखालचा दगड
(मंडळीच्या वार्षिक सभेत एका कार्यकर्त्याने केलेले भाषण)



आज मला एका दगडाविषयी बोलायचे आहे. अक्राणी तालुक्यात, नर्मदेकाठच्या एका पाड्यावर मोहाचे मोठे झाड होते. त्याच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता. रात्री कंदील लावून त्यावर माझा मित्र बसे आणि पाड्यावरच्या मुलांना पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवी. तो त्याच पाड्याचा, पावरा समाजातला. दिवसा आम्ही दोघे डोंगर चढून औषधे पोचवत असू. एका पावसाळ्यात तापाने फणफणलेल्या बाईला झोळीतून दवाखान्यात नेताना ओढ्याला लोंढा आला. बाई वाचली. तो परत आला नाही.

2019 च्या उन्हाळ्यात त्याची आई मला म्हणाली, "दादा, तो दगड वरच्या नव्या घराशी नेऊ या." मी म्हणालो, "पावसाळा संपू दे आई, माणसे गोळा करतो." त्याच सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. मोह गेला, दगडही गेला. चूक माझी होती.

या धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावे आली. पंचनाम्यात घर, शेत, झाड यांची नोंद होते. झाडाखाली कोण बसत असे, याला रकाना नसतो.

दावीद आणि योनाथान एजेल दगडापाशी रडून एकमेकांपासून निघाले. पुढे योनाथान गिलबोवा डोंगरावर पडला. राजा झाल्यावर दावीद तो दगड शोधायला गेला, असे आपण वाचत नाही. त्याने योनाथानाचा पांगळा मुलगा मफीबोशेथ याला शोधून काढले आणि आपल्या मेजावर बसवले.

मी त्या आईची क्षमा मागायला गेलो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दगड पाण्यात आहे. पोरे तर वर आहेत ना?" आणि आतून तिने त्याचा कंदील आणून माझ्यापुढे ठेवला. आता संध्याकाळी तिच्या ओसरीवर मुले बसतात. मित्राची जागा मला परत मिळाली नाही, आणि त्याचे दुःखही सरलेले नाही. पण त्याचे काम मिळाले.

आपण त्या भागात आलात, तर घरोघरी एवढे जरूर विचारा, "पाण्याखाली तुमचे काय राहिले?" सांगतील ते शांतपणे ऐका. आणि कुणी काही मागितले, तर माझ्यासारखे 'पावसाळ्यानंतर' म्हणू नका.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.