घराची डागडुजी आणि गच्चीवरचे पाणी

घराची डागडुजी काढली की प्रथम रंग आणि फरशी यांचाच विचार होतो. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रालगतच्या कुटुंबाने मात्र आधी गच्चीकडे पाहावे. तेथे धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांतील क्रोमियम अनेक ठिकाणी भूजलात उतरले आहे, आणि पाणी उकळल्याने ते निघत नाही. शहरात वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे ९०,००० लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ७२,००० लिटर उरते. म्हणून उतार, पन्हळ, गाळणी व झाकलेली टाकी यांचा खर्च आधी धरावा. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे. भिंतींना रंग पुढच्या वर्षीही देता येतो. नासलेले भूजल मात्र एका पिढीत निवळेलच, असे नाही.