सत्कारानंतर काय?

(गोखिवरे येथे दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



तुमचे अभिनंदन मी मनापासून करतो. मात्र संयोजकांनी माझ्या हाती दिलेल्या यादीत नव्वद टक्क्यांखालचे एकही नाव नाही, आणि ती वाचताना मला एक जुना सत्कार आठवला.

भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे अडतीस टक्केही नव्हेत. या यादीत त्यांना जागा मिळाली नसती. त्यांच्या समाजाने मात्र सत्काराची सभा भरवली. (धनंजय कीरांच्या चरित्रात ही सभा मॅट्रिकनंतरची आहे, खुद्द बाबासाहेबांनी ती इंग्रजी चौथीनंतरची म्हणून लिहिली आहे.) पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षा देण्यापलीकडे त्याने केले काय, असे म्हणून वडिलांनी आधी साफ नकार दिला. त्यांचे मन वळवले ते कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी. सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. हार, पुस्तक, टाळ्या. इथवरचे आपल्याला चांगले जमते. पण पुढे पैशाअभावी कॉलेज सुटण्याची वेळ आली, तेव्हा हेच केळुसकर त्याच्यासाठी सयाजीराव गायकवाडांकडे गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो मुलगा बी. ए. होऊ शकला.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला स्पष्ट सांगितले होते की, चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्याने मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरत नाही. काही शिष्यवृत्त्या त्या वर्गांसाठीच राखाव्यात.

गोखिवऱ्यात हे कळायला आयोग नको. एकीकडे तुंगारेश्वराचा डोंगर आणि त्याच्या कुशीतले पाडे, दुसरीकडे औद्योगिक गाळे. सुट्टीत गाळ्यात पॅकिंग करून, धाकट्या भावंडांना सांभाळून दहावीला बावन्न टक्के मिळवणारी मुलगी इथे शोधावी लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षापर्यंतची. दहावीला बसते तेव्हा ती हमी तिच्या मागे उरलेली नसते, आणि आपले व्यासपीठही नसते. नव्वद टक्क्यांमागे मेहनत असते हे मी नाकारीत नाही. पण शिकवणीची फी, स्वतंत्र खोली आणि शिकलेले आईबापही असतात, हे यादीत कुठे लिहिलेले नसते.

संयोजकांना माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षी शाळांना गुणपत्रिका मागू नका. घरातले दहावीपर्यंत पोहोचलेले पहिले मूल कोणते, तेवढे विचारा. आणि अशा प्रत्येक मुलामागे आपल्यापैकी एकेकाने दोन वर्षे उभे राहावे: प्रवेशाचा अर्ज, रेल्वेचा पास, पुस्तके, बारावीची फी. ट्रॉफीच्या खर्चात पासाचे काही महिने सहज निघतात. पुढच्या वर्षाची वाट तरी कशाला पाहायची? अकरावीचे प्रवेश तोंडावर आले आहेत. माझ्या वाट्याचे एक नाव मला आजच द्या. खाली उतरण्यापूर्वी ते मी वहीत लिहून घेतो.