कासवाची अंडी आणि आपला ओढा

मोडनिंबहून बोलतेय. मागच्या बैठकीत मी बचत गटात समुद्री कासवांचा विषय काढला, तर एक मावशी म्हणाल्या, "अगं, समुद्र कुठं नि आपण कुठं! आपला काय संबंध?" तोच संबंध आज सांगते.

आपली कोंबडी खुडूक बसली की एकवीस दिवस अंडी उबवते. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी तसं करत नाही. ती रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. ऊब देते ती वाळू. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात.

पिल्लू नर की मादी, हेही वाळूच ठरवते. वाळू जास्त तापली की माद्या, जरा गार राहिली की नर. फारच तापली तर पिल्लू अंड्यातच मरतं. ऑस्ट्रेलियात हिरव्या कासवांवर झालेलं संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं. तिथल्या उत्तरेकडच्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत शंभरातली नव्याण्णव माद्या निघाल्या. नरच उरले नाहीत, तर पुढची पिढी कुठून येणार?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. पूर्वी तिथे कासवाची अंडी उकरून खात, विकत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी जाळीच्या कुंपणात सांभाळायला सुरुवात केली. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे येतात. गावातल्या बायका त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय घरातच करतात आणि चार पैसे मिळवतात. अंडी विकण्यापेक्षा ती राखणं परवडलं.

आता आपला संबंध. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीला नंबरचा बिल्ला लावला होता. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना दिसली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची वाट! म्हणजे पूर्वेचा आणि पश्चिमेचा, दोन्ही समुद्र तिचेच. आणि आपले ओढे जातात सीना-भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपण ओढ्यात टाकलेली पिशवी पुराबरोबर तिथवर जाऊ शकते. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते, ते गिळतं आणि जिवाला मुकतं.

समुद्राचं तापमान आपल्या एका गटाने कमी होणार नाही, हे खरं. पण उन्हाने आधीच बेजार झालेल्या जिवाच्या पोटात आपली पिशवी तरी जाऊ नये. आमच्या गटाने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायला घेतल्यात. पहिली पिशवी त्याच मावशींनी नेली, आठवडी बाजाराला. तुमच्या गटातही हा विषय काढा.